खंडेनवमीचा ओव्हरटाइम

त्याच्या पिशवीतून हात बाहेर आला होता.

म्हणजे माणसाचा हात. मनगटापासून तुटलेला, बोटं वाकडी, नखांत माती. वीर स्टेशनवरून महाडला येणाऱ्या रिक्षात आम्ही दोघं मागे बसलो होतो. मधे त्याची ती फुगलेली पिशवी, आणि रिक्षा खड्ड्यातून गेली की तो हात मला टाटा करायचा.

मी किंचाळले नाही. मी किंचाळणाऱ्यांतली नाहीच, संशय घेणाऱ्यांतली आहे. आई म्हणते, ही जन्मली तेव्हा रडायच्या आधी सुईणीकडे डोळे बारीक करून बघत होती. तर मी आधी रस्त्यावर माणसं आहेत ना ते बघून घेतलं आणि मग विचारलं,

"हा कुणाचा?"

"कुठला? ...अच्छा, हा." त्याने हात आत कोंबला. तो परत बाहेर आला. "हा मॅनेजरचा."

"कुठल्या मॅनेजरचा?"

"ते अजून ठरायचंय. कुणी तयारच होत नाहीये."

बाहेर हस्ताचा पाऊस लागला होता, जाता जाता सगळी कसर भरून काढणारा. माझ्या बाजूचा प्लॅस्टिकचा पडदा सुटला, तसा त्याने माझ्यामागून हात लांब करून तो धरून ठेवला... स्वतःची बाही कोपरापर्यंत भिजली तरी. मी ते बघितलं. मनात म्हटलं, हा विनाकारण चांगला वागतोय, म्हणजे काहीतरी काम असणार.

"रबराचा आहे," तो म्हणाला. "दाबून बघा हवं तर. मी सिनेमा करतोय. भुताचा, पण विनोदी. महाडच्या पोहे मिलमध्ये."

"कुणाच्या?"

"कमलाकरशेठच्या. माझ्या वडिलांच्या वर्गात होते. शेठ देवमाणूस आहेत हो, पण तिथे एक सुपरवायझर बाई आहे म्हणे... फार खडूस. तिला सांभाळा म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"शेठच."

"हं," मी म्हणाले, आणि पुढे महाड येईपर्यंत भाताची शेतं बघत बसले.

मिलच्या फाटकाशी तो उतरला. मीही उतरले. पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि त्याला म्हणाले, "या. सांभाळा."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण हसला तो लगेच, अगदी मोकळं. ते हसणं मला आवडलं आणि म्हणूनच मी जास्त सावध झाले.

त्याचं नाव निषाद. घर मूळचं महाडचं, पण शाळेत असतानाच सगळे मुंबईला गेलेले. तिथे तो मालिकांचं एडिटिंग करायचा आणि उरलेल्या वेळात हा सिनेमा. बजेट म्हणजे काय, तर नव्हतंच. कॅमेऱ्यावर त्याची मैत्रीण सई, बाकी मित्रमंडळी नट, आणि तेच नट मधल्या वेळात पोती उचलणार. खंडेनवमी आणि दसरा अशी दोन दिवस आमची मिल बंद असते, म्हणून शेठने जागा फुकट दिली होती. भुताच्या मेकअपलाही पैसे लागणार नव्हते. आमच्याकडे तांदळाचं पांढरं पीठ कोपऱ्याकोपऱ्यात साठतं, त्यात माणूस एकदा लोळला की झालं भूत.

सिनेमाचं नाव 'खंडेनवमीचा ओव्हरटाइम'. गोष्ट अशी, की एक मॅनेजर खंडेनवमीला कामगारांना सुट्टी देत नाही, पुजलेलं यंत्र चालू करायला लावतो, आणि मग ते यंत्र त्यालाच कामाला लावतं. थांबूच देत नाही. शेवटी फक्त त्याचा हात उरतो, तोही हजेरी लावत फिरतो.

मला हसू आलं होतं हे ऐकून. मी ते आवरलं. कॅमेरेवाल्यांवर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. पुराच्या वर्षी महाडात पाणी भरलं, तेव्हा कितीतरी जण कॅमेरे घेऊन आले. आमच्या घरातला चिखल काढायला उभे राहिले, फोटो काढले, आईचा हात हातात घेऊन पुन्हा येतो म्हणाले. त्यातला एक तर मला रोज फोन करायचा. फोटो छापून आला, तसा फोन बंद. चिखल आम्हीच काढला.

म्हणून निषाद सुट्टीच्या आधी आठवडाभर रोज मिलवर यायला लागला, तेव्हा मी त्याच्या मागे सावलीसारखी होते. तो यंत्राभोवती फिरायचा, मी त्याच्याभोवती.

"तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवताय," एकदा तो म्हणाला.

"हो."

"सगळ्यांवर ठेवता, की माझ्यावर जास्त?"

"ज्याच्या पिशवीत हात सापडतात त्याच्यावर जास्त."

"मग सिनेमात काम करा ना. दिवसभर लक्ष ठेवता येईल. सुपरवायझरचा रोल आहे."

"मी आहेच सुपरवायझर. नाटक कशाला करू?"

"तेच तर पाहिजे. तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी भूत घाबरेल."

मी तोंड फिरवलं, कारण गाल गरम झाले होते. चाळणीपाशी बसलेली ठकूमावशी सगळं बघत होती. ठकूबाई म्हणजे आमच्या मिलमधली सगळ्यांत जुनी बाई. तिने मान हलवली की बाकीच्या बायकांची मान हलते.

दोन दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. कधी झालं कळलं नाही. कपाळावर पीठ लागलं होतं माझ्या, त्याने पुसायला हात वर केला, मधेच थांबला आणि म्हणाला, "तूच पूस... नाहीतर परत संशय घेशील." मी पुसलं. मला वाटलं, पुसायला हवं होतं यानेच.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

सिनेमाच्या शेवटी यंत्र आपोआप चालू होतं, असा शॉट होता. म्हणजे दसऱ्याला सकाळी, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातलेलं यंत्र खरोखर चालवायचं. आमच्याकडे खंडेनवमीला पूजा झाली की यंत्र झोपतं, ते दसरा उलटल्यावर नारळ फोडूनच उठवायचं. मधे कुणी बटणाला हात लावत नाही.

ठकूमावशी उभीच राहिली. "ह्यांचा शिनेमा हुईल नि जाईल," ती म्हणाली. "मशीनवर हात आमाला घालायचा हाय. देवीच्या मनात नसंल, तर दसऱ्यापासून आमी काय कामाला येयाचो नाय. सांगून ठेवते गो सेजल."

बाकीच्या बायकांची मान हलली.

दसऱ्यानंतर दिवाळीच्या पोह्यांची घाई. वर्षभराचा धंदा त्या तीन आठवड्यांत. बायका आल्या नाहीत तर मिल बसलीच. शेठ डोकं खाजवत म्हणाले, "कौल लावा. आमच्या गावच्या वाघजाईचा. तिनं हो म्हटलं तर कुणाची हरकत नाही ना?" नव्हती. मग शेठ माझ्याकडे वळले. "सेजल, कौल काय आला ते मला तू सांगायचं. तुझ्या शब्दावर बटण दाबायचं, आणि यंत्राच्या पेटीची किल्ली तुझ्याकडेच ठेव. काही कमीजास्त झालं तर मी तुलाच विचारीन."

मला जाता येईना, कारण पूजेआधीची सगळी साफसफाई माझ्या गळ्यात. निषाद म्हणाला, मी जातो. मी त्याला माझी स्कूटी दिली. माझ्या भावाला, सुनीललासुद्धा मी ती देत नाही. शेठचं गाव पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला आहे. दुपारी गेलेला संध्याकाळी आला, नखशिखांत भिजून.

"उजवा," तो म्हणाला. उजवा म्हणजे होकार.

मी तेच शेठना आणि बायकांना सांगितलं. बायकांनी हात जोडले. शेठ खूश झाले. मी त्याच्याकडे बघत होते, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. स्कूटीची किल्ली माझ्या हातात न देता त्याने ती टेबलावर ठेवली. गमतीचा एक शब्द नाही. रोज जाताना फाटकाशी घुटमळणारा माणूस त्या दिवशी सरळ निघून गेला.

खोटं बोलला हा. कौल डावा आला आणि याने सिनेमासाठी उजवा सांगितला. आणि मी वेडी, बायकांना 'हो' म्हणून बसले.

खंडेनवमीला पूजा झाली, शूटिंग सुरू झालं. पिठात लोळलेली भुतं पोत्यांआडून निघत होती, ठकूमावशी नको नको म्हणत तोंडाला पदर लावून हसत होती. मीसुद्धा सुपरवायझर म्हणून उभी राहिले. निषाद मला म्हणायचा, "मॅडम, थोडं डावीकडे." मॅडम. परवापर्यंत 'तू' होते मी.

"काय झालंय?" मी विचारलं.

"कुठे काय? लाईट जाईल, म्हणून घाई..."

सई कॅमेरा पुसत होती. ती हळूच म्हणाली, "दोन दिवस असाच आहे. जेवतही नाही नीट." म्हणजे मन खातंय याचं, मी ठरवून टाकलं.

दुपारी सगळी भुतं पीठ धुवायला जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेली. निषाद म्हणाला, चल ना. मी म्हटलं, डोकं दुखतंय. आणि स्कूटी काढून थेट पोलादपूरची वाट धरली.

मुरारी गुरव देवळाच्या पडवीत कापसाच्या वाती वळत बसले होते.

"काका, परवा मुंबईचा एक मुलगा आला होता ना? कौल काय आला त्याला?"

"आला व्हता. बरा पोरगा हाय." त्यांनी मला नीट बघून घेतलं. "दोन कौल लावलेन त्यानं. कळ्या लावल्या देवीला. एक उजवी पडली, एक डावी."

"दोन?" माझा आवाज चिरकला. "मशीनचा कुठला?"

"ते मला कसं कळायचं गो? दोनीपण मनातले मागितलेन त्यानं. मी गाऱ्हाणं घातलं, का बाय, लेकराच्या मनात हाय त्याचं उत्तर दे. मनातला कौल गुरवानं इचारायचा नसतो."

"मग आत्ता मशीनचा लावा. मी मागते."

"एका गोष्टीचा दोनदा नाय मागत. देवी काय तुमची नोकर हाय?" मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "डावी पडली तवा पोरगा लय येळ बसून राहिला हितंच, ह्या पायरीवर. मी च्या देतो म्हटलं, नको म्हनाला."

मी परत निघाले. सगळ्या वाटेवर पाऊस तोंडावर येत होता आणि मी रडत होते, त्यामुळे रडणं कुणाला दिसलं नसेल. मशीनचा डावा आला असणार, म्हणून तर बसून राहिला. आणि दुसरा कसला? मनातला कसला? बायको असेल मुंबईत. लग्न ठरलं असेल. सिनेमा चालेल का, असं विचारलं असेल, आणि त्याला देवी हो म्हणाली असेल. कॅमेरेवाल्यांना आणखी काय हवं असतं? शेठची मिल, ठकूमावशीचा विश्वास, सगळं एकीकडे. मला सगळ्यांत जास्त हे लागलं होतं, की मी पुन्हा फसले. तोच चिखल, तोच फोटो.

दसऱ्याला सकाळी सगळे जमले. यंत्र माळा घालून उभं. सईने कॅमेरा लावला. ठकूमावशी बायकांना घेऊन दाराशी आली होती, कारण यंत्र उठताना बघायला त्या येणारच. शेठ सदऱ्याची बटणं लावत आले. तो रबरी हात बटणाच्या पेटीवर ठेवलेला, बोटं खाली.

"किल्ली?" निषाद म्हणाला.

"नाही देणार."

पिठाने माखलेलं एक भूत शिंकलं.

"मी काल देवळात जाऊन आले," मी म्हणाले, त्यालाच ऐकू जाईल असं. "दोन कौल. एक डावा. कुठला?"

त्याचा चेहरा पिठाशिवायच पांढरा झाला. "सेजल, इथे नको."

"मग कुठे?"

तो पोत्यांच्या थप्पीमागे गेला. मी गेले. तिथे उबट, तांदळाचा वास होता, पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि आम्ही इतके जवळ उभे होतो, की मी मुद्दाम हाताची घडी घातली.

"मशीनचा उजवा होता," तो म्हणाला. "पहिलाच. लगेच पडला."

"आणि डावा?"

"तो... तो तुझा."

"माझा कसला?"

"तुझ्याबद्दलचा. आता नको ना विचारूस."

"खोटं बोलतोयस. मशीनचा डावा आला, आणि आता मला गोड बोलून किल्ली काढतोयस."

तो पहिल्यांदाच चिडला. "खोटंच बोलायचं असतं, तर तुझा कौल उजवा आला असं नसतं सांगितलं? देवीनं तुला माझी म्हटलंय, असं सांगितलं असतं की सरळ. ते गोड झालं असतं. देवी नाही म्हणाली, हे सांगून मला काय मिळणार आहे?"

बरोबर होतं ते. खोटं बोलणारा माणूस स्वतःचं नुकसान कशाला सांगेल? आणि त्याचे डोळे... तीन दिवस जे माझ्याकडे बघत नव्हते, ते आता हलत नव्हते. त्यांत पाणी होतं.

"म्हणून मला मॅडम म्हणत होतास?"

"देवी नाही म्हणाली, तर मग उगाच कशाला... तुला त्रास. म्हटलं, शूटिंग संपवून गुपचूप जावं."

"काय विचारलंस तिला? नेमकं सांग. शब्द न् शब्द."

"विचारलं..." त्याने खाली बघितलं. "विचारलं, सेजल माझ्याबरोबर मुंबईला येईल का?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग मला हसू यायला लागलं, आणि या वेळी आवरलं नाही.

"हसतेस काय?"

"देवीनं खरं तेच सांगितलं. मी नाही येणार मुंबईला. माझी आई इथे, माझ्या बायका इथे, ही मिल उद्या शेठ मलाच चालवायला देणार आहेत. मी कशाला येऊ? तुझा प्रश्नच चुकला."

"मग काय विचारायला हवं होतं?"

"निषाद महाडला राहील का, हे." माझं काळीज आता यंत्राआधीच धडधडायला लागलं होतं. "आणि ते देवीला कशाला विचारायचं? ते तुलाच माहीत असणार."

तो पोत्याची सुतळी उसवत राहिला. मला वाटलं, झालं, आता हा मुंबईची कारणं सांगणार. मी कारणं ऐकायची तयारीही केली.

"एडिटिंग काय... लॅपटॉपवर होतं," तो हळूच म्हणाला.

"इथे लाईट जाते."

"बॅटरी घेईन."

"नेट पण जातं."

"मग तुझ्याशी भांडत बसेन, येईपर्यंत."

"आणि मी तुझ्यावर संशय घेतच राहणार. तो काही जायचा नाही. किती दिवस राहशील?"

"तुझा संशय फिटेपर्यंत."

"मग आख्खा जन्म जाईल तुझा."

"हो," तो म्हणाला. "तेच म्हणतोय मी."

मी हाताची घडी सोडली. त्याने हात पुढे केला, या वेळी मधे थांबला नाही, आणि माझ्या गालावरचं पीठ... की पाणी... पुसलं. मला हा माणूस आवडतो. आवडतो म्हणजे खूपच आवडतो, आणि हे मी तिथे, पोत्यांमागे, त्याला तसंच्या तसं सांगून टाकलं.

"सेजल," बाहेरून ठकूमावशीची हाक आली, "कौल खरा हाय का नाय गो? का आमी जाव घरला?"

मी बाहेर आले. शेठ बघत होते, बायका बघत होत्या, भुतं बघत होती. मी किल्ली पेटीला लावली.

"खरा आहे, मावशी. दोन्ही खरे आहेत."

"दोन? दुसरा कसला?" तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागून आलेल्या निषादकडे, मग माझ्या गालाकडे. "क्काय गो?"

मी बटण दाबलं. पट्टा फिरला, यंत्र धडधडत उठलं, आणि त्या आवाजात मला उत्तर द्यावंच लागलं नाही.